पडद्याशेजारी बसलेला संशोधक

१९९५ साली एमआयटीच्या शेरी टर्कल यांचं ‘लाइफ ऑन द स्क्रीन’ हे पुस्तक आलं, तेव्हा इंटरनेट म्हणजे वेगळंच जग अशी समजूत होती. माणूस तिथे नाव बदलून, वय लपवून वावरतो. त्याला पाहायचं तर तिथेच जाऊन पाहावं.

या समजुतीला धक्का बसला तो त्रिनिदादमध्ये. डॅनियल मिलर आणि डॉन स्लेटर हे संशोधक तिथल्या घरांत, सायबर कॅफेंत जाऊन बसले. परदेशी गेलेल्या नातलगांशी लोक नेटवरून त्रिनिदादच्याच ढंगात गप्पा मारत होते, आपलं त्रिनिदादपण आणखी ठसठशीतपणे मिरवत होते. २००० साली आलेलं त्यांचं पुस्तक मला आजही इंटरनेटच्या अभ्यासातलं सर्वांत मोलाचं वाटतं. इंटरनेट माणसाचं काय करतं हे सगळेच विचारत होते. माणसं इंटरनेटचं काय करतात, हे या दोघांनी विचारलं.

पुढची दहा-पंधरा वर्षं मोजणीची. ॲमस्टरडॅममध्ये रिचर्ड रॉजर्स यांनी लिंका आणि शोधयंत्रांचे निकाल यांतून समाज वाचण्याच्या पद्धती बसवल्या. डेटा भरपूर असला की सिद्धांत हवेत कशाला, असा सूर २००८ मध्ये ‘वायर्ड’ मासिकाचे संपादक क्रिस अँडरसन यांनी लावला. त्याच वर्षी लोकांच्या शोधांवरून फ्लूचा अंदाज बांधणारी गूगलची सेवा सुरू झाली. २०१२-१३च्या हिवाळ्यात तिचा आकडा अमेरिकेच्या सरकारी आकड्याच्या दुपटीच्या घरात गेला. फ्लूबद्दल शोधणारा प्रत्येक जण आजारी नसतो, हे दवाखान्यात तासभर बसलेल्या कुणीही सांगितलं असतं. २०१४ मध्ये तर उघड झालं, की फेसबुकने आपल्या ६,८९,००३ वापरकर्त्यांच्या फीडमधल्या सुखदुःखाच्या पोस्टचं प्रमाण त्यांना न विचारता बदलून पाहिलं होतं. संशोधनाच्या नावाखाली झालेली ही गोष्ट मला अजून सलते.

२०१८ मध्ये फेसबुकवरच्या लोकांचा डेटा परवानगीशिवाय वापरल्याचं केंब्रिज ॲनालिटिका प्रकरण उघडकीस आलं आणि कंपन्यांनी डेटाची दारं लावून घ्यायला सुरुवात केली. व्हॉट्सॲपचं दार तर बाहेरच्यांना कधी उघडं नव्हतंच.

त्याच वर्षी १ जुलैला, आठवडी बाजाराच्या दिवशी, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी आल्याचे मेसेज व्हॉट्सॲपवर फिरत होते. या मेसेजांचा अभ्यास कुठल्या सॉफ्टवेअरने करणार? लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या शकुंतला बानाजी आणि राम भट यांच्या गटाने जुनाच मार्ग धरला. महाराष्ट्रासह चार राज्यांत माणसांना भेटून मुलाखती, गटचर्चा. २०१९च्या अहवालात त्यांनी मांडलं, की असे मेसेज पुढे जातात ते केवळ अडाणीपणामुळे नाही. त्यामागे जात-धर्माचे आणि परक्यांबद्दलचे मुरलेले पूर्वग्रह असतात.

राईनपाड्यात मारले गेलेले पाचही जण नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षेसाठी गावोगाव फिरणारे होते.