टेबलावरचं आकाश : युद्धाचा खेळ खेळावा का?

मागच्या व्याख्यानात आपण नियम म्हणजे काय, यावर बोललो. आज तोच धागा पुढे न्यायचा आहे, पण उदाहरण जरा वेगळं घेते. लहान लहान विमानं टेबलावर मांडून खेळायची हवाई लढाई! पंचाहत्तरीला टेकलेल्या, तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या बाईला हे कुठून सुचलं, असं तुमच्या मनात येईल. सांगते.

गेल्या वर्षी मी लेकीकडे अमेरिकेत, ओहायोतल्या डेटन शहराजवळ राहिले होते. डेटन हे राइट बंधूंचं गाव. सायकलींचं दुकान चालवता चालवता त्यांनी विमानाचा ध्यास घेतला तो इथेच. अमेरिकी हवाई दलाचं मोठं संग्रहालयही याच गावाशेजारी आहे. तेव्हा इथल्या माणसांना विमानांचं वेड असलं तर नवल नाही. ते वेड माझ्या जावयालाही लागलंय. एका शुक्रवारी तो म्हणाला, "आई, उद्या-परवा आमची मंडळी जमणार आहेत. घरी एकट्या बसण्यापेक्षा येता का?" म्हटलं, चला.

एका साध्या हॉलमध्ये वीस-पंचवीस माणसं जमली होती. बहुतेक पन्नाशी-साठीची, एक आजोबा नातीला घेऊन आलेले. कोपऱ्यात कॉफी, घरून आणलेले डबे. टेबलांवर आकाशातून दिसणाऱ्या शेतांचं चित्र छापलेल्या चटया अंथरलेल्या. आणि प्रत्येकाच्या खोक्यात, स्पंजमध्ये जपून ठेवलेली विमानं. पहिल्या महायुद्धातली ही विमानं खऱ्याच्या एकशे चव्वेचाळीसाव्या हिश्शाची असतात, म्हणजे तळहातावर सहज मावतात. खाली पारदर्शक काड्यांची बैठक. काड्या वाढवल्या की विमान उंच गेलं असं समजायचं.

हा छंद नवा नाही. १९६६ मध्ये माइक कार या अमेरिकन तरुणाने 'फाइट इन द स्काइज' हा पहिल्या महायुद्धातल्या विमानांचा खेळ रचला, तो आजही खेळला जातो. मी पाहिलेला खेळ मात्र इटालियन. आंद्रेआ आंजोलिनो आणि पिएर जॉर्जो पाल्या या दोघांनी २००४ मध्ये तो 'विंग्ज ऑफ वॉर' या नावाने आणला. आता त्याचं नाव 'विंग्ज ऑफ ग्लोरी' आहे.

तो चालतो कसा, हे थोडं समजून घ्या, कारण पुढचा सगळा विचार त्यावर उभा आहे. प्रत्येक विमानाला स्वतःचा पत्त्यांचा गठ्ठा असतो. प्रत्येक पत्त्यावर एक बाण : सरळ, डावीकडे, उजवीकडे, किंवा एकदम उलट फिरून मागे. खेळाडू आपले पुढचे तीन पत्ते निवडतो आणि पालथे ठेवतो. सगळ्यांचं ठरलं की सगळे एकाच वेळी पहिला पत्ता उलटतात आणि विमान त्या बाणाप्रमाणे पुढे सरकवतात. मग मोजपट्टी लावायची. समोरचं विमान तुमच्या माऱ्याच्या टप्प्यात आलं, तर त्याने नुकसानीचे पत्ते उचलायचे. जवळून मारलं तर दोन, लांबून मारलं तर एक.

या गठ्ठ्यांत खऱ्या विमानाचा स्वभाव उतरवलेला असतो. ब्रिटिशांच्या सॉपविथ कॅमलचं इंजिन पंख्याबरोबर स्वतःच गरगर फिरायचं. त्यामुळे ते विमान उजवीकडे झटकन वळे. खेळातही कॅमलचं उजवं वळण जास्त चटपटीत. फ्रेंचांचं स्पॅड वेगवान, पण वळताना मोठा फेरा घेणारं. म्हणजे चांगला खेळाडू आपल्या विमानाला ओळखतो, आणि त्याहून जास्त समोरच्या माणसाला. पत्ते पालथे आहेत. तो काय करेल याचा अंदाज बांधायचा, आणि आपण काय करू असं त्याला वाटतंय याचाही. एकदा पत्ता ठेवला की बदलता येत नाही. परिस्थिती बदलली तरी आधी घेतलेला निर्णय पार पाडावाच लागतो. वर्गात कर्म आणि फल यांवर मी कित्येक तास बोलले असेन, पण पालथा पत्ता उलटताना जे कळतं, ते त्या तासांत मुलांना कळलं असेल का, शंका आहे.

मलाही एक विमान दिलं. मी नवखी, म्हणून कुणी माझ्यावर फार मारा करेना. मी जावयाला म्हटलं, "अरे, मला कच्चा लिंबू केलंय की!" त्याने ते इंग्रजीत समजावून सांगितलं, तेव्हा सगळे हसले. त्यांच्याकडे त्याला नेमका शब्द नव्हता, पण रीत होती. लहान मुलाला खेळातून घालवायचं नाही, बादही करायचं नाही. हा नियम कुठेच लिहिलेला नसतो, आणि तरी सगळीकडे असतो.

आता विचाराकडे येऊ. खेळ म्हणजे काय? विट्गेन्श्टाइनचं म्हणणं तुम्हाला आठवत असेल : सगळ्या खेळांत समान असं एकच लक्षण सापडत नाही, एका घरातल्या माणसांच्या चेहऱ्यांत असतं तसं साम्य असतं. बर्नार्ड सुट्स या तत्त्वज्ञाने १९७८ मध्ये 'द ग्रासहॉपर' या पुस्तकात त्याला उत्तर दिलं. लक्षण सापडतं, तो म्हणाला. त्याचा मुद्दा मी आपल्या लंगडीवरून सांगते. दोन पाय धड आहेत, पळून दुसऱ्याला सहज पकडता येईल. तरी आपण एका पायावर उड्या मारत पकडतो. सोपा मार्ग सोडून अवघड मार्ग आपणहून घेतो, आणि तो का घेतो, तर त्याशिवाय ती लंगडीच राहणार नाही म्हणून.

विमानांच्या या खेळात त्याचा एक सुंदर नमुना आहे. नुकसानीचे पत्ते ज्याचे त्यानेच पाहायचे असतात. प्रत्येक विमान किती सोसू शकतं तो आकडा ठरलेला. पत्त्यांवरचे आकडे खेळाडू मनात मिळवत जातो, आणि बेरीज त्या आकड्याला पोचली की स्वतःच सांगतो, 'मी पडलो.' त्या क्षणी दुसरं कुणी तपासत नाही. रडी खायची असेल तर किती सोपं आहे बघा! पण दोन दिवसांत मला तसं करताना कुणी दिसलं नाही. उलट मोजपट्टी केसभर कमी पडली, तर समोरचाच म्हणायचा, "लागली, धर." मग मी एकाला विचारलं, बेरीज लपवली तर? तो म्हणाला, "मग मी कुणाशी खेळलो?" सुट्सचं अख्खं पुस्तक त्या एका वाक्यात आलं. समोरचा माझा शत्रू आहे, कारण आम्ही दोघांनी मिळून तसं ठरवलंय. शत्रुत्वाच्या खाली करार आहे, आणि कराराच्या खाली विश्वास.

इथपर्यंत सगळं गोड आहे. आता कडू प्रश्न. हा खेळ कशाचा आहे? माणसं मेली, त्याचा.

तिथल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मी भारतातली आहे हे कळल्यावर खोक्यातून एक एस.ई. ५-ए विमान काढून माझ्या हातात ठेवलं. म्हणाले, "हे तुमच्या रॉयचं." इंद्रलाल रॉय. कोलकात्याचा मुलगा, जन्म डिसेंबर १८९८. रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये भरती झाला. जुलै १९१८ मध्ये अवघ्या दोन आठवड्यांत त्याच्या नावावर दहा विमानं लागली, आणि २२ जुलैला फ्रान्सच्या आकाशात तो पडला. वय एकोणीस. त्या काळी ब्रिटिश वैमानिकांना पॅराशूट दिलं जात नसे, हेही लक्षात घ्या. मग ते आणखी तिघांबद्दल बोलले. हरदित सिंग मलिक जखमी होऊन वाचले आणि पुढे स्वतंत्र भारताचे फ्रान्समधले राजदूत झाले. एरोल सेन युद्धकैदी झाले. आणि चौथे वेलिणकर. मुंबईचे. जून १९१८ मध्ये उड्डाणाला गेले ते परत आले नाहीत. मंडळी, मी मुंबईत शिकले, तिथेच शिकवलं. वेलिणकर हे नाव मला एका अमेरिकन माणसाकडून, खेळाच्या टेबलावर कळलं. मला लाज वाटली.

तर, एकोणीस वर्षांच्या मुलाच्या मरणाशी खेळावं का? युद्धाच्या खेळाचा इतिहास इथे दोन तोंडांनी बोलतो. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रशियात 'क्रीग्जश्पील' निघाला तो अधिकाऱ्यांना युद्ध शिकवायला. खेळ युद्धाच्या सेवेला. याच्या उलट एच. जी. वेल्स. १९१३ मध्ये त्याने 'लिटल वॉर्स' लिहिलं, खेळण्यातल्या सैनिकांचे नियम सांगणारं. त्याचा सूर असा, की ज्यांना युद्धाची हौस आहे त्यांनी ती दिवाणखान्यात भागवावी, आणि खरं युद्ध किती गोंधळाचं असतं हे तिथेच ओळखावं. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटलं. वेल्सचा उपाय चालला नाही, हे उघड आहे. खेळामुळे शांतता येते, असं मी म्हणणार नाही.

काही जण म्हणतात, बुद्धिबळही युद्धच आहे, प्यादं मेलं म्हणून कोण रडतं? हे उत्तर मला पुरत नाही. प्याद्याला नाव नसतं. या विमानाला आहे.

मला महाभारतातली द्यूतसभा आठवते. तिथे काय बिघडलं? खेळ खेळाच्या जागी राहिला नाही. पटावरचं दान घरात शिरलं, भाऊ गेले, स्वतः गेला, द्रौपदी पणाला लागली. आणि द्रौपदीने सभेत विचारलेला प्रश्न पाहा : जो आधी स्वतःला हरला, त्याला मला पणाला लावण्याचा अधिकार उरतो का? हा नियमाविषयीचा प्रश्न आहे. खेळाची हद्द कुठे संपते, असं ती विचारते. भीष्मांनासुद्धा उत्तर देता आलं नाही. म्हणजे खेळाचा विषय काय, यापेक्षा खेळाची हद्द शाबूत आहे का, हा प्रश्न जास्त मोलाचा. डेटनच्या त्या टेबलावर ती शाबूत होती. विमान पडलं की माणूस उठून कॉफी घेऊन येत होता, आणि ते विमान पुन्हा स्पंजमध्ये जपून ठेवत होता.

असं मी शनिवारी रात्री ठरवून टाकलं होतं. रविवारी सकाळी एका टेबलावर जेट विमानं मांडली होती. १९६५. आपली नॅट आणि पाकिस्तानची सेबर. खेळणाऱ्यांत मूळचे लाहोरचे एक डॉक्टर होते. बाजू फाशाने ठरल्या. डॉक्टरांच्या वाट्याला नॅट आलं, जावयाच्या वाट्याला सेबर. दोघांना त्याची गंमत वाटली. मला म्हणाले, "बसा ना."

मला बसता आलं नाही. १९६५ मध्ये मी शाळेत होते. खिडक्यांना काळे कागद लावून आम्ही अंधारात बसायचो. आमच्या वाड्यातला एक मुलगा हवाई दलात होता, तो १९७१ मध्ये गेला. त्याच्या आईने मला पोळ्या लाटायला शिकवलं होतं. जावयाच्या सेबरने नॅट पाडलं तेव्हा माझ्या पोटात कळ आली, हे कबूल करते. हद्द त्यांच्या टेबलावर शाबूत होती, माझ्या मनात नव्हती.

मग प्रश्न उरतो. १९१८ चाललं आणि १९६५ चाललं नाही, हे कसं? रॉयच्या आईचं दुःख कमी होतं का? वर्षं उलटली म्हणून मरण हलकं होत नाही. त्याच्यासाठी रडणारं कुणी उरलं नाही, इतकंच. काळाचं अंतर हे कारण आहे, समर्थन नाही. खेळायला परवानगी कुणाची लागते, याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही.

पण एक गोष्ट सांगून थांबते. जावयाला माझा चेहरा दिसला होता. डाव संपल्यावर तो आणि डॉक्टर दोघेही माझ्याशेजारी येऊन बसले. डॉक्टरांनी विचारलं, "त्या मुलाचं नाव काय होतं?" मी सांगितलं. पन्नास वर्षांत मला ते कुणी विचारलं नव्हतं. मग त्यांनी त्यांच्या गल्लीतल्या एकाचं नाव सांगितलं. टेबलावरची विमानं तशीच राहिली आणि आम्ही तिघं बराच वेळ बोलत बसलो. ही दोन नावं एका बाकावर आली, ती त्या खेळामुळेच. म्हणून त्या खेळाला मी वाईट म्हणू शकत नाही, आणि पुढच्या वेळी १९६५ च्या टेबलावर बसेन असंही म्हणू शकत नाही.

तुम्हाला काय वाटतं ते प्रश्नोत्तरांत जरूर सांगा.