जुनी जीप थरथरते, घरघरते : दोष कुठे आहे ते कसे ओळखावे



बैल लंगडायला लागला तर आपण लगेच डाग देत नाही. आधी त्याला चालवून बघतो. कोणता पाय उचलून टाकतो, चढाला लंगडतो की उताराला, हे पाहतो आणि मग उपाय करतो. जुन्या जीपचेही तसेच करावे. पण होते काय, की गाडी घरघरायला लागली की आपण घाबरतो, कोणीतरी "क्राऊन गेला" म्हणतो आणि आपण पैसे मोजून मोकळे होतो. नवा-जुना क्राऊन बसतो, आणि आवाज मात्र होता तिथेच राहतो. कारण मूळ बिघाड असतो हाताच्या पंज्यात मावणाऱ्या एका क्रॉसचा.

आपल्याकडे चारही चाकांना जोर देणाऱ्या जीपगाड्या १९४०च्या दशकाच्या अखेरीपासून मुंबईत जोडल्या जाऊ लागल्या. महिंद्र कंपनीच्या त्या गाड्यांपैकी पुष्कळ अजूनही डोंगराकडच्या गावांत, चिखलाच्या वाटांवर कामाला आहेत. पनवेल-कर्जतकडचा शेतकरी वाशीच्या बाजारात भाजी उतरवतो, आणि गाडीचे काही काम असले तर तसाच खाडीपूल ओलांडून मानखुर्द, गोवंडीकडे येतो. गोवंडीत छोटी गॅरेजे आणि भंगारवाल्यांची दुकाने आहेत, पुढे कुर्ल्याला जुन्या पार्टांचा मोठा बाजार आहे. गावच्या रस्त्यावर पंचवीस-तीसच्या वेगात न जाणवलेली थरथर सायन-पनवेल रस्त्यावर साठच्या वेगात एकदम जाणवते. मग घाईघाईने, गाडी रस्त्यावरच असताना, सौदा होतो. अशा घाईत फसगत होते. म्हणून तपासणी घरीच, बाजाराचा दिवस नसताना करावी.

खाली शिरण्याआधी

एक गोष्ट जिवाची आहे, ती आधी सांगतो. बऱ्याच जुन्या जीपचा हँडब्रेक मागच्या चाकांवर नसतो. तो ट्रान्सफर गियरच्या मागे, प्रोपेलर शाफ्टवर असतो. त्यामुळे मागचे एक चाक जॅकवर उचलले की हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी घरंगळू शकते, कारण जमिनीवरचे चाक पुढे जाते आणि अधांतरीचे उलटे फिरते. मागचा शाफ्ट खोलला तर मागच्या चाकांना हँडब्रेक उरतच नाही. गियरमध्ये टाकून ठेवली तरी हीच गत. तेव्हा गाडी सपाट जागी उभी करावी, जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून दगड किंवा ओंडके लावावेत आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली झोपू नये. खाली लोखंडी घोडी हवीच.

चालवून बघणे

चाकाच्या आतल्या बाजूला वाळलेला चिखल असेल तर तो आधी खरवडून काढा. हसू नका. पावसाळ्यात निम्म्या थरथरत्या गाड्यांना एवढेच झालेले असते. हवा सारखी आहे ना, चारही टायर एकाच मापाचे आहेत ना, तेही बघा.

मग गाडी जागेवर उभी ठेवून इंजिन वाढवा. आवाज तेव्हाच आला तर तो चाकांकडचा नाही. क्लच दाबल्यावर आवाज थांबला तर गियरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगवर संशय घ्यावा. उलट क्लच दाबल्यावरच सुरू झाला, तर क्लचचे रिलीज बेअरिंग बोलते आहे.

जागेवर गप्प आणि चालताना बोलत असेल, तर मोकळा सपाट रस्ता पाहून पन्नासपर्यंत जा आणि गियर न्यूट्रल करा. इंजिन बंद करू नका. इंजिन मंद झाले तरी थरथर तशीच राहिली, तर दोष गियरबॉक्सच्या मागे आहे, म्हणजे शाफ्ट, डिफरन्शियल, बेअरिंग किंवा चाक यांत.

आता थरथर संथ आहे की बारीक, ते पायाला आणि बुडाला जाणवू द्या. साठच्या वेगात जीपचे चाक सेकंदाला सुमारे ७ फेरे घेते. प्रोपेलर शाफ्ट मात्र त्याच सेकंदात ३० ते ४० फेरे घेतो. म्हणून चाकाचा दोष स्टिअरिंगमध्ये हेलकाव्यासारखा येतो, आणि शाफ्टचा दोष पिठाच्या गिरणीजवळ उभे राहिल्यासारखा बारीक, तळाच्या पत्र्यातून येतो.

घरघर असेल तर वळणावर कान द्या. गाडी डावीकडे वळवली की भार उजव्या चाकांवर जातो. तेव्हा आवाज वाढला तर उजव्या बाजूचे व्हील बेअरिंग पाहावे. एका ठराविक वेगाला, जोर लावला असतानाच "हूंऽऽ" येतो आणि पाय उचलताच बदलतो, तर मात्र क्राऊन-पिनियन किंवा पिनियनची बेअरिंगे आहेत. तरीही लगेच खिशात हात घालू नका. खालचा बोल्ट काढून तेल बघा. बोटांना लागणारी राखी रंगाची बारीक लुकण ही झिजेची आहे, ती चालायचीच. लोखंडाच्या चिपा निघाल्या तर दात तुटले आहेत. तेल ताकासारखे पांढरट असेल तर ओढ्याचे पाणी आत गेले आहे, ते तेल त्याच दिवशी बदला. तेल स्वच्छ असेल आणि गुणगुण वर्षानुवर्षे तेवढीच असेल, तर माझ्या मते तिला तशीच राहू द्यावे. जुनी जीप थोडी गातेच.

क्रॉस आणि शाफ्ट

गाडी सुटताना किंवा गियर बदलताना "ठक्क" आवाज येतो, तो बहुतेक वेळा क्रॉसचा. चाके अडवून, गियर न्यूट्रल करून, हँडब्रेक सोडून शाफ्ट हाताने पिळा आणि वर-खाली ढकला. क्रॉसमध्ये थोडीही ढिलाई नको. कपांच्या भोवती विटेच्या भुकटीसारखा तांबडा गंज दिसला तर आतल्या सुया कोरड्या होऊन झिजल्या असे समजा. निप्पल असेल तर चारही कपांतून जुने ग्रीस बाहेर येईपर्यंत ग्रीस मारावे. चिखलात गाडी घातली की परतल्यावर हे काम लांबणीवर टाकू नये.

क्रॉस नवा टाकला आणि थरथर उलट वाढली, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. त्याचे कारण असे. कोनात फिरणारा क्रॉस पुढचा शाफ्ट एकसारखा फिरवत नाही. प्रत्येक फेऱ्यात तो दोनदा पुढे ओढतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस ही चूक उलट बाजूने भरून काढतो. पण त्यासाठी शाफ्टच्या दोन्ही टोकांची बेचकी एका रेषेत हवीत. मधली दातेरी सरक-जोडणी खोलून परत बसवताना एक दात जरी इकडे-तिकडे झाला, तरी भरून काढणे राहते बाजूला आणि थरथर वाढते. म्हणून खोलण्याआधी दोन्ही भागांवर रंगाची एक रेघ ओढावी. कंपनीचे बाण असतील तर ते समोरासमोर आणावेत. नवा पार्ट लागत नाही, खर्च काही नाही.

जास्त पोती घेता यावीत म्हणून पाटे वाढवले असतील तर तेही एक कारण असते. गाडी उंच होते, शाफ्टचा कोन वाढतो. यू-बोल्ट सैल असले किंवा पाट्यांचा सेंटर बोल्ट तुटला तर अख्खा ॲक्सल सरकतो, तोही पाहावा.

पुढचा ॲक्सल

पुढच्या हबला मोकळे करण्याची सोय नसेल तर पुढचा शाफ्ट दोन चाकांवर चालतानाही फिरतच असतो. आवाज त्याचा आहे का, हे कळायला सोपी युक्ती आहे. चाके अडवून पुढचा शाफ्ट दोन्हीकडून सोडवा, बाजूला ठेवा आणि पुढचा गियर न लावता गाडी चालवून बघा. आवाज गेला तर दोष पुढच्या शाफ्टचा, राहिला तर दुसरीकडे. वळताना, पुढचा गियर लावलेला असताना, "कट्‌कट्" येते ती पुढच्या चाकांच्या जॉइंटची.

डांबरी किंवा काँक्रीटच्या रस्त्यावर चारही चाके जोडून चालवू नका. या गाड्यांत पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमध्ये फरक सोसणारी यंत्रणा नसते. वळणावर दोन्हींचे फेरे सारखे नसतात, तो ताण शाफ्टमध्ये साठतो आणि लिव्हर अडकून बसतो. तसा अडकला तर हातोडा घेऊ नका. गाडी सरळ रेषेत थोडी मागे घ्या, सुटतो.

जुना ॲक्सल किंवा क्राऊन घ्यायचीच वेळ आली, तर दात मोजल्याशिवाय पैसे देऊ नका. क्राऊनच्या दातांना पिनियनच्या दातांनी भागून जो आकडा येतो, तो पुढे आणि मागे एकच हवा. वेगवेगळ्या वर्षांच्या जीपमध्ये हे आकडे वेगळे आहेत, आणि बाहेरून हौजिंग अगदी सारखे दिसते. आकडे जुळले नाहीत तर चिखलात चार चाके जोडताच काहीतरी तुटणार. क्राऊन आणि पिनियन जोडीनेच घ्यावेत, एक नवा एक जुना चालत नाही. क्रॉस घेताना जुना क्रॉस सोबत न्यावा आणि कपाचे माप लावून बघावे.

मिस्त्रीकडे जाताना एका चिठ्ठीवर लिहून न्या : किती वेगाला, कोणत्या गियरमध्ये, जोर लावताना की सोडताना, सरळ की वळणावर. शाफ्टचे काम झाल्यावर शंभर-दीडशे किलोमीटर चालली की सगळे नट-बोल्ट पुन्हा एकदा आवळून घ्या.