जनावर गाभण आहे, हे कसे ओळखावे?

रेतनानंतर एकविसाव्या दिवसाच्या सुमारास जनावर पुन्हा माजावर आले नाही, की ते गाभण राहिले असे पोलादपूर तालुक्यातील कापड्यासारख्या डोंगराळ गावांतच नव्हे, तर सर्वत्र मानण्यात येते. हा समज पुष्कळदा महागात पडतो. गर्भाशयात पू साचला असला तरीही माज बंद होतो. म्हशीचा माज तर, विशेषतः उन्हाळ्यात, मुका असतो. ती हंबरत नाही, बळसही फारसा दिसत नाही. उलटपक्षी, काही गाभण गाई माजाची लक्षणे दाखवितात. त्यांचे पुन्हा रेतन केल्यास गर्भपाताचा धोका संभवतो. पोट सुटणे हेही विश्वसनीय लक्षण नव्हे. श्रावणातील हिरव्या चाऱ्याने ते कोणत्याही जनावराचे सुटते!

गावात होऊ शकणारी खात्रीची तपासणी म्हणजे पशुवैद्यकाने गुदमार्गे हात घालून गर्भाशय चाचपणे. रेतनानंतर दोन ते तीन महिन्यांनी ती करून घ्यावी. अननुभवी हाताने हा प्रयोग करू नये, कोवळ्या गर्भाला इजा पोहोचते.

गाय सुमारे २८० दिवसांनी विते, म्हैस सुमारे ३१० दिवसांनी. रिकामी म्हैस गाभण समजून सांभाळली, तर तेवढे दिवस चारा खर्ची पडतो, आणि अखेरीस ना रेडकू, ना दूध. तिसऱ्या महिन्यात ती रिकामी असल्याचे कळले, तर उपचार करून त्याच हंगामात पुन्हा फळविता येते. त्यासाठी रेतनाची तारीख ठाऊक हवी. ती गोठ्याच्या भिंतीवर कोळशाने लिहिली तरी पुरे.