पावडर ब्लूची तहान
घरातला समुद्र : भाग ७

मागच्या आठवड्यात खारं पाणी तयार केलं. आता बहुतेकांना हवा असतो तो एकच मासा, पावडर ब्लू टँग. आकाशी अंग, काळा चेहरा, गळ्याखाली पांढरा पट्टा, पाठीवर पिवळाधमक पर. दुकानात तो समोर आला की हात आपोआप पाकिटाकडे जातो. माझा गेला होता. नांदेडात माझा पहिला पावडर ब्लू अकरा दिवस जगला.

हा सर्जन माशांच्या कुळातला. शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना एकेक धारदार काटा असतो, म्हणून हे नाव. जाळीत अडकलेला मासा हाताने सोडवायला जाऊ नका. लक्षद्वीप, मालदीवकडच्या उथळ प्रवाळखडकांवर, जिथे लाटा सतत आपटतात, तिथे तो शेळीसारखा दिवसभर शेवाळ चरत हिंडतो. म्हणजे त्याला पोहायला लांबी हवी, पाण्यात भरपूर प्राणवायू हवा आणि पोट कधी रिकामं नको. टाकी सहा फुटी, पाचशे लिटरची धरा. नोरीचा (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा) तुकडा चिमट्याला लावून काचेवर सकाळ-संध्याकाळ अडकवा. खडक म्हणून कुणी जिवंत प्रवाळ देऊ लागला तर मात्र हात जोडा. वन्यजीव कायद्याने त्याला वाघाच्या रांगेत बसवलंय.

इथवर मुंबईकराला आणि आपल्याला नियम सारखेच. आपली खरी अडचण मार्चनंतर सुरू होते.

माशाला 25 ते 27 अंश लागतात आणि बाहेर पारा 42 वर. चिलर परवडला तर उत्तम. नाही तर पाण्यावर पंखा सोडायचा. आपली उन्हाळी हवा कोरडी, त्यामुळे माठाचं तंत्र इथे झकास चालतं. एक लिटर पाणी उडताना पाचशे लिटरची टाकी सव्वा अंशाने उतरवण्याइतकी उष्णता घेऊन जातं. (जुलैत दमट हवेत हाच पंखा नुसता फिरतो.) पण मे महिन्यात माझ्या टाकीतून दिवसाला आठ-दहा लिटर पाणी उडतं. उडतं ते फक्त पाणी, मीठ मागेच राहतं. तीन दिवस लग्नाला जाऊन आलात तर लिटरमागे 35 ग्रॅमचं मीठ 37 वर गेलेलं असतं.

दोन ग्रॅमने काय होतंय, असं वाटेल. समुद्रातला मासा सतत तहानलेला असतो. बाहेरचं पाणी त्याच्या रक्ताच्या जवळपास तिप्पट खारट, त्यामुळे अंगातलं पाणी कल्ल्यांवाटे झिरपत राहतं. ते भरून काढायला तो समुद्र पितो आणि जादा मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो. या उलाढालीत त्याची ताकद खर्च होते. मीठ वाढलं, पाणी तापलं, त्यातच रात्री लाईट जाऊन पंप बंद पडला, की पावडर ब्लू सगळ्यांत आधी खचतो.

आणि खचला की ठिपके. माझ्या माशाच्या परांवर आठव्या दिवशी रव्याचे कण चिकटावेत तसे पांढरे दाणे दिसले. दहाव्या दिवशी ते गेले. मी घरात पेढे वाटायचे तेवढे बाकी होते. पण दाणे गळून तळाशी गेले होते. तिथे एकेका दाण्यातून परजीवीची शेकडो पिल्लं निघतात आणि परत माशाला शोधत येतात. म्हणून नवा मासा आधी वेगळ्या टाकीत ठेवायचा, तांब्याचं औषध द्यायचं ते तिथेच. मोठ्या टाकीतले खेकडे-कोळंब्या तांब्याने मरतात. रोग मोठ्या टाकीत शिरलाच, तर ती अडीच महिने माशांविना चालू ठेवावी लागते.

म्हणजे उडालेलं पाणी भरायला गोडं पाणी, दुसऱ्या टाकीला गोडं पाणी, आठवड्याला पन्नास लिटर बदलायचं तर तेही. मीठ पावणेदोन किलो, ते कुरियरने येतं. पाण्याचं तसं नाही. बोअरचं जड पाणी थेट चालत नाही, आरओ लावावाच लागतो, आणि घरगुती आरओ एक लिटर देताना तीनेक लिटर मोरीत सोडतो. माझ्याकडे ते ड्रममध्ये जमवून फरशी-संडासाला वापरतात. कूलरमध्ये घालू नका, जाळ्यांवर पांढरा थर बसतो.

आणि गोडं पाणीच आटलं तर? दुष्काळात, 12 एप्रिल 2016 ला, मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातुरात आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. लातूरच्या माझ्या एका स्नेह्याने त्याआधीच मासे पुण्याला धाडले होते आणि सहा फुटी टाकी पुसून तिच्यात टँकरचं पाणी साठवलं होतं. पुसलेली, धुतलेली नव्हे. धुवायला पाणी होतं कुठे? काचेच्या सांध्यांत मीठ राहिलेलं. त्यांच्याकडचा चहा तो उन्हाळाभर किंचित खारट लागायचा.