चुलीखालची जमीन

सकाळी 7. कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतल्या एका खानावळीची मागची पडवी. मिस्त्री उकिडवे बसून हातोडीच्या दांड्याने फरशी ठोकतायत. कुठे भरीव आवाज, कुठे पोकळ. खानावळीच्या वैनींना तांबड्या रश्श्यासाठी लाकडाची चूल हवी आहे, आणि तीही याच चकचकीत व्हिट्रिफाइड फरशीवर. "हितं नुसती चूल मांडली तर फरशी उडतीया बघा," मिस्त्री म्हणतात. पोकळीत ओल असते. तापली की तिची वाफ होते आणि तिला बाहेर पडायला वाट नसते.

8 वाजता वैनी ओट्याचा उरलेला कडप्पा दाखवतात. नकार. कडप्पा काय, शहाबादी काय, दोन्ही चुनखडक. 800-900 अंशांवर भाजून ज्याचा चुना पाडतात त्या जातीचे. चुलीखाली एवढी धग पोचत नाही, पण तडकायला त्याहून फार कमी पुरते. मग गच्चीवरचा जुना सिमेंटचा पत्रा पुढे येतो. "त्यो तर न्हाईच." त्यात ॲस्बेस्टॉस, फुटला की त्याची धूळ फुप्फुसात जाते. तरीही आगीला तो चालतो, असं सांगणारे शहाणे गल्लोगल्ली भेटतात.

10. शिवाजी उद्यमनगर. फाउंड्रीचं गाव असल्याचा हा फायदा: भट्ट्यांना लागणारी फायर ब्रिक इथे सुटीही मिळते. नऊ बाय साडेचार बाय तीन इंच, साध्या विटेहून जड. आता काम झालंच, असं मला वाटतं. मिस्त्रींना नाही. दिवाळीच्या आधी करवीरच्या गावांत गुऱ्हाळांची चुलवाणं बांधण्यात त्यांचा जन्म गेलाय. "धग सोसणं येगळं आन् अडवणं येगळं," ते म्हणतात. ही वीट हजार अंशांत फुटत नाही, पण भरीव असल्याने धग हळूहळू खाली सोडत राहते. तासभराच्या चहा-भाकरीला ते चालून जातं. पाच-सहा तास रस्सा रटरटत असेल तर खालची फरशी तापतेच. जुन्या वाड्याच्या माडीवर, लाकडी तक्तपोशीवर चूल असेल तर धोका आणखी वाढतो: रोज थोडं थोडं तापून लाकूड आतून करपतं आणि मग कमी धगीलाही पेट घेतं. धग अडवायची तर मध्ये हवा खेळती हवी.

दुपारी 12. फरशीवर साध्या विटांच्या रांगा, दोन रांगांत दोन-दोन इंचांची फट, फटींची दोन्ही तोंडं उघडी आणि परसाच्या वाऱ्याच्या रेषेत. वर लोखंडी पत्रा. त्यावर फायर ब्रिक, फायर क्लेच्या पातळ सांध्यात. भिंतीकडे बोटभर जागा मोकळी, कारण तापलेली वीट फुगते. तिथे सिमेंट भरू नका, हे वैनींच्या मुलाला तीनदा सांगावं लागतं.

जेवण: भाकरी, खरडा, दही.

3 वाजता वाद. मिस्त्रींना चुलीच्या तोंडापुढे दीड फूट विटा हव्यात, वैनींना ये-जा करायला जागा. निखारा पडतो तो पुढेच. अमेरिकेतल्या अग्निसुरक्षेच्या नियमांतही स्टोव्हपुढे 18 इंचच सांगितलेत, असं मी सांगून पाहतो. वैनींवर त्याचा काडीचा परिणाम होत नाही. शेवटी मिस्त्री एक जळकं लाकूड तोंडातून ओढून दाखवतात, त्याची राख वैनींच्या पायाशी सांडते, आणि टेबल सरकतं.

संध्याकाळी 6. दोन शेणींचा जाळ, तोही अर्धा तासच. ओले सांधे एकदम तापवले तर फुटतात. मिस्त्री फटीत हात घालून फरशी चाचपतात. कोमट सुद्धा नाही.

"म्हणजे रविवारी मटण?"

"रविवारी च्या करा, वैनी. मटण फुडल्या रविवारी."