एक देव, तीन व्यक्ती

वसईच्या चर्चमध्ये मराठीतून उपासना सुरू होते, तेव्हा भाविक कपाळ, छाती व दोन्ही खांदे यांना हात लावून क्रुसाची खूण करतात. त्या वेळी पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या तिघांचा उच्चार होतो. परंतु त्यापुढे येणारा शब्द ‘नावाने’ असा एकवचनी असतो. ‘नावांनी’ असे कोणी म्हणत नाही. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या अखेरीस बाप्तिस्म्याची जी आज्ञा आहे, तीतील मूळ ग्रीक शब्दही एकवचनीच आहे. ख्रिस्ती धर्मातील त्रैक्याचा सिद्धांत या लहानशा व्याकरणात सामावला आहे.

‘त्रैक्य’ हा शब्द मात्र बायबलमध्ये आढळत नाही. त्यासाठीचा लॅटिन शब्द इ.स. २००च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतील तर्तुलियन याने वापरला. पहिले ख्रिस्ती लोक यहुदी परंपरेतले, एकाच देवाला मानणारे होते. तरीही ते येशूला प्रभू म्हणून भजत. या दोन गोष्टींचा मेळ कसा घालावा?

अलेक्झांड्रियाचा धर्मोपदेशक एरियस याने सोपा मार्ग काढला. पुत्र कितीही श्रेष्ठ असला तरी तो देवाने निर्माण केलेला आहे, असे तो सांगू लागला. त्यावर इ.स. ३२५ मध्ये निकीया येथे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील इझ्निक येथे, सम्राट कॉन्स्टंटाइन याने धर्मपरिषद बोलावली. पुत्र पित्याशी ‘एकतत्त्व’ आहे, असा निर्णय परिषदेने दिला. वाद केवळ शब्दाचा नव्हता. जो स्वतः निर्मिलेला आहे तो मानवाला देवाशी कसा जोडणार, असा अथनेशियसचा प्रश्न होता. पुढे सम्राटांचे मत पालटत गेले आणि या आग्रहापायी अथनेशियसला बिशपपदावर असताना पाच वेळा हद्दपारी भोगावी लागली. इ.स. ३८१च्या कॉन्स्टंटिनोपलच्या परिषदेने पवित्र आत्माही पिता व पुत्र यांच्यासह उपास्य असल्याचे मान्य केले.

येथे ‘व्यक्ती’ हा शब्द जपून वाचावा लागतो. तीन माणसे वेगवेगळी असतात, तसे हे तिघे वेगळे नाहीत. तसे मानल्यास तीन देव होतील. उलट पाणी, बर्फ आणि वाफ यांचा नेहमीचा दृष्टान्तही फसवा आहे. एकाच देवाने आळीपाळीने तीन रूपे घेतली, असा त्याचा अर्थ होतो आणि चर्चने तो नाकारला आहे. ब्रह्मा, विष्णू, महेश यांच्याशी केलेली तुलनाही जुळत नाही. त्रिमूर्तीत उत्पत्ती, स्थिती व लय ही कार्ये वाटलेली आहेत. त्रैक्यात प्रत्येक कार्य तिघांचे एकत्र असते. भेद आहे तो केवळ परस्परसंबंधाचा. पिता कोणापासूनही नाही, पुत्र पित्यापासून जन्मलेला आहे आणि आत्मा पित्यापासून निघणारा आहे. हा जन्म काळातला नाही, अनादी आहे.

संत ऑगस्टीनने प्रेम करणारा, प्रेमाचा विषय आणि प्रेम असा एक दृष्टान्त योजला. पंधरा भागांचा ग्रंथ त्याने या एकाच विषयावर लिहिला. अखेरच्या भागात आपले दृष्टान्त अपुरे असल्याचे त्याने मान्य केले आणि ग्रंथाचा शेवट एका प्रार्थनेने केला.