वऱ्हाडातील स्वस्त घराचे गणित

मेळघाटातील कोरकूंची घरे पिढ्यानपिढ्या कुडाची: बांबूचा ताटवा, त्यावर शेणामातीचा गिलावा, वर कवेलू. धारणी तालुक्यातील लवादा येथे सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी 1990च्या दशकात उभारलेल्या संपूर्ण बांबू केंद्राने याच साहित्याला प्रशिक्षणाची आणि रोजगाराची जोड दिली. हे काम मोलाचे आहे, कारण बांबूला कच्चेपणाचा शिक्का विनाकारण बसलेला आहे. बोरॅक्स व बोरिक ॲसिडच्या द्रावणात मुरवलेला, उंच जोत्यावर कोरडा ठेवलेला बांबू अनेक वर्षे टिकतो.

अडचण मोजमापाची असते. मानवेल जातीचा एक बांबू जवळजवळ भरीव, दुसरा पोकळ. बुंधा जाड, शेंडा बारीक. प्रत्येक बांबूचा व्यास आणि जाडी संगणकात भरली, की कोणता कुठे बसवावा आणि वाऱ्याचा भार कोणत्या सांध्यावर येईल हे अनेक पर्याय पडताळून ठरवता येते. त्या हिशेबाला आयएस 15912 या भारतीय संहितेचा आधार आहे. सांधा मात्र जपावा लागतो. नुसता खिळा ठोकला तर बांबू उभा चिरतो, म्हणून आधी भोक पाडून बोल्ट घालतात.

अकोला, दर्यापूरकडे प्रश्न जमिनीचा. पूर्णा नदीकाठची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि भिंती तडकतात. तिथे आधी पायाचा हिशेब करावा लागतो. भिंतींसाठी औष्णिक वीज केंद्रातल्या राखेच्या विटा चालतात. पारसचे केंद्र अकोला जिल्ह्यातच आहे. या विटा भट्टीत भाजाव्या लागत नाहीत. पारा 45 अंशांवर जाणाऱ्या या भागात पश्चिमेच्या भिंतीवर किती ऊन येईल, वळचण किती पुढे काढावी, हेही संगणक आधीच दाखवतो.